उंदराचा घसा

पाण्याचा घोट घशाखाली उतरेना, तसा बाबांनी पेला आदळला. रेडिएशनने कॅन्सरची गाठ आटत होती, पण तिच्यासोबत अख्खा घसा भाजून निघाला होता. त्यांना जरा धीर यावा म्हणून मी आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदराचा व्हिडिओ दाखवला. रेडिएशन तेवढंच, पण बाबांना देतात तसं काही मिनिटं नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत दिलेलं. गाठ गेली होती आणि उंदीर कुरुमकुरुम दाणे खात होता.

"मग मला का नाही हे?" बाबांचा आवाज पार फाटला होता.

"माणसांना द्यायची परवानगी नाही अजून आम्हाला. तुमच्या जिवाशी खेळ नको, बाबा."

"आणि उंदरांचे मात्र लाड!"

"कसले लाड? व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवशी मारला त्याला. घसा आतून खरंच शाबूत आहे का, ते कापूनच बघावं लागतं."

बाबांनी मघाचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"म्हणजे ठणठणीत झालेल्या जिवाला मारायची परवानगी मिळते तुम्हाला, आणि मला घोटभर पाणी गिळू द्यायची मिळत नाही!"