स्टुलावरून

कामगारांच्या विम्याचा यंदाचा हप्ता बघून एसी बसवणाऱ्या ठेकेदाराचे डोळेच पांढरे झाले. यादीतलं एक नाव कमी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग खोडायचं कुणाला? त्याने म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव खोडलं. वीस वर्षांत त्या माणसाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं!

महिनाभरातच एसीचं बाहेरचं युनिट बसवताना मिस्त्री छज्ज्यावरून खाली पडला. दवाखान्यात ठेकेदाराला त्याच्या प्लास्टरकडे बघवेना. खाली मान घालून तो कसाबसा म्हणाला, "मिस्त्री, ते विम्याचं जरा..."

"त्याची काळजी सोडा, मालक," मिस्त्री त्याचा हात दाबत हळूच म्हणाला.



"घरी स्टुलावरून पडलो, असंच सांगितलंय मी डॉक्टरांना. माझ्यापायी तुमचा हप्ता वाढायला नको."