गेरूतली बाई

पेन्दुआनं लाजच सोडली होती. सख्ख्या आईला त्यानं गेरू फासला होता!

हुनेरो दिवा धरून घरच्या थडग्याच्या भिंतीकडं बघत राहिली. राजांची थडगी रंगवणाऱ्यांचं गाव ते. बाई पिवळ्या पिवडीची, पुरुष तांबड्या गेरूचा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि हिच्या पोटच्या पोरानं हिचं पिवळं चित्र गेरूनं झाकून, वर कमरेला गड्याचं आखूड वस्त्र काढलं होतं.

चित्रात शेजारी नवरा बसला होता, नाख्तमिन. दगड फोडणारा गडी. हातात तीच काठी. त्याला इथं पुरल्यावर नाईलला किती पूर येऊन गेले, तरी ते डोळे बघून ती पाऊलभर मागं सरली. डावं मनगट ठणकायला लागलं. ते कधी धड सांधलंच नव्हतं. जिन्यावरून पडले, असं तिनं गावाला सांगितलं होतं. तिच्या तोंडी लागणार कोण? गावानं मानलं.

"डोळे फुटले का रे तुझे?" ती मागं उभ्या पेन्दुआवर ओरडली. "मेल्यावर माणूस भिंतीवर असतं तसंच उठतं. तिकडं पश्चिमेला, मेलेल्यांच्या मुलखात, तुझे वडील दारात वाट बघत असतील. बायको म्हणून हाक कुणाला मारायची त्यांनी? ह्या गड्याला?"

"वर तुझं नाव लिहिलंय की."

"त्यांना कुठं वाचता यायचं! ते रंगावरूनच ओळखणार."

"नाही ओळखणार," पेन्दुआ म्हणाला. एवढा बाप्या माणूस, पण काठीकडं बघायचं टाळत होता. "कुणी परका गडी समजून पुढं जातील. म्हणूनच केलं, आई. मी त्या दिवशी जिन्याखालीच लपलो होतो. तू पडली नव्हतीस."

हुनेरोच्या हातातला दिवा हलला. भिंतीवरची काठी उगारल्यासारखी वर गेली, खाली आली. ती दचकली नाही. गेरूतल्या बाईजवळ गेली आणि घासलेलं भांडं तपासावं तसा तिचा चेहरा या कडेपासून त्या कडेपर्यंत तपासला.

"गाढवा," ती म्हणाली, "कानामागं पिवळं राहिलंय. नजर बारीक होती त्याची. झाक ते आधी."