रविवारची होडी

"हे तिच्याशेजारी पुर," सिंधूताई म्हणाल्या आणि फडक्याची पुरचुंडी त्यांनी जयच्या बॅगेत मोज्यांखाली सारली.

कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, उबदार दुलईत पाय घालून बसलेल्या प्रल्हादरावांच्या हातातलं संत्रं अर्धवट सोललेलं राहिलं. पुरचुंडीत काय आहे, हे त्यांना विचारावं लागलं नाही. नीलिमाचा चांदीचा वाळा. दुसरा तिच्या पायातच राहिला होता.

"आई, वीस किलोच्या वर गेलं तर विमानतळावर अडवतात हं."

"दीड वर्षाचं लेकरू पायात घालून पळायचं ते. तुझ्या कॅमेऱ्याहून जड आहे का?"

जपानमधल्या कावासाकी शहरात नोकरी लागून जयला तीन वर्षं झाली होती; आईबाबाही त्याच्याकडंच राहत होते. कंपनीनं त्याला टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी इथिओपियात, अदिस अबाबाला पाठवायचं ठरवलं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. काम संपल्यावर दोन दिवस मोकळे होते. तेवढ्यात डोंगर ओलांडून बहिर दारला जायचं, ताना सरोवराकाठी. तिथल्या हायस्कुलात प्रल्हादरावांनी गणित शिकवलं होतं. तिथंच जय जन्मला होता. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, अडुसष्ट सालच्या तापाच्या साथीत, त्याची बहीण नीलिमा तिथंच गेली होती. तिथून होडी करून बेटावरच्या जुन्या ख्रिस्ती मठात जायचं. सिंधूताईंना ते बेट फक्त धक्क्यापर्यंत ठाऊक होतं. वर बाईमाणसाला मनाई.

"बाईचं सोड, कोंबडीसुद्धा चढू देत नाहीत," त्या जयला सांगत होत्या. "कोंबडा चालतो."

"मग तू काय करायचीस?"

"होडीत बसायचे. दर रविवारी. तू मांडीवर. बाबा फुलं घेऊन वर जायचे आणि तासाभरानं उतरायचे."

हे सगळं खरं होतं. फक्त नीलिमा त्या बेटावर नव्हती.

ती गेली तेव्हा प्रल्हादराव परीक्षेचे पेपर तपासायला अदिसला गेले होते. निरोप मिळाला, तोवर पावसानं रस्ता वाहून नेला होता. ते चौथ्या दिवशी पोचले. सिंधू इस्पितळाच्या वॉर्डात, तापानं भ्रमलेली. इस्पितळातल्या एका माणसानं त्यांना मागच्या आवारातला ओल्या मातीचा पट्टा दाखवला. एका रात्रीत सतरा मुलं गेली होती. "यातच कुठंतरी," तो म्हणाला आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला.

सिंधूला बोलता येऊ लागलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "कुठं ठेवलंत तिला?" यातच कुठंतरी, असं आईला कसं सांगणार? प्रल्हादरावांच्या तोंडून बेटाचं नाव निघून गेलं. साधूंनी जागा दिली, गोल देवळामागं, कॉफीच्या झाडाखाली. जिथं तिला कधीच जाता येणार नाही, अशी तेवढी एकच जागा त्यांना त्या क्षणी आठवली.

वाटलं होतं, विषय संपेल. पण हिंडूफिरू लागल्यावर पहिल्याच रविवारी ती फुलं घेऊन धक्क्यावर उभी होती. मग सहा वर्षं रविवार चुकला नाही. ते वर जायचे. देवळाच्या भिंतींवर चितारलेल्या मोठ्या डोळ्यांच्या संतांसमोरून मान खाली घालून पुढं व्हायचे, झाडाखालच्या कोऱ्या मातीवर फुलं ठेवायचे आणि तिथं बसून हमसून हमसून रडायचे. घरी त्यांच्या डोळ्यांतून कधी टिपूस आलं नाही. इस्पितळाची भिंत दिसू नये म्हणून ते शाळेला लांबच्या वाटेनं जायचे.

इथं कावासाकीत गल्लीच्या टोकाला एक देऊळ होतं. गेलेल्या लेकरांच्या नावानं ठेवलेली, लाल लाळेरी बांधलेली दगडी बाळं तिथं रांगेत उभी असत. सिंधूताई रोज तिथं थांबत. प्रल्हादराव पुढं चालत राहत.

आता जय मठात विचारणार. साधू सांगणार, इथं कुठलीही मुलगी पुरलेली नाही. मग जय फोन करणार, आणि फोन सिंधूच उचलणार. महिनाभर प्रल्हादराव जयला एकट्याला गाठू बघत होते, पण ते जमलं नव्हतं. आणि आता जय बुटात पाय घालत होता.

"जय, बेटावर जाऊ नकोस."

"का? काय झालं बाबा?"

"ती तिथं नाही." त्यांनी संत्रं खाली ठेवलं. "कुठं आहे, मला माहीत नाही. मी पोचलो तोवर सगळं..." सिंधूताईंकडं बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

सिंधूताई बॅगेची चेन लावायच्या थांबल्या.

"त्याला बेटावर पाठवतंय कोण?" त्या शांतपणे म्हणाल्या. "जय, पुरचुंडी सोड. आत चिठ्ठी आहे. मोठ्यानं वाच."

जयनं गाठ सोडली. वाळ्यात अडकवलेला कागद उलगडून तो वाचू लागला. "इस्पितळाची मागची भिंत. वॉर्डाच्या खिडकीसमोर निलगिरीची रांग आहे, त्यातलं तिसरं झाड. मुळाशी, डाव्या अंगाला."

"त्या रात्री मला उठता येत नव्हतं," सिंधूताई म्हणाल्या. "पण खिडकीतून दिसत होतं."

"म्हणजे तुला... पहिल्यापासून?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"अहो, जिथं कोंबडी चढू देत नाहीत, तिथं माझी पोर कशी घेतली असती? तुम्हाला जागा ठाऊक आहे का, तेवढंच बघायला विचारलं होतं मी."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, ती वाळ्यात सरकवली आणि फडक्याची गाठ पुन्हा पक्की बांधली.

"तिच्याकडं मी रोज जायचे, तुम्ही शाळेत गेलात की," त्या म्हणाल्या. "रविवारी तुम्हाला बेटावर न्यायचे. घरी तुम्हाला रडता येत नव्हतं."