ढालवाल्याच्या मागं

“चिलखत नको घेऊस, आई. तुला हा झगा घालायचाय,” रूपा म्हणाली आणि मोबाईलमधल्या बाईच्या अंगावर तिनं पांढरा झगा चढवला.

“नुसतं कापड? अन् बाण लागला म्हंजे?”

“तुला लढायचं नाय. मागं उभं राहून बाकीच्यांना बरं करायचंय. ती ताकद झग्यानं वाढती, चिलखतानं नाय.”

चंपाबाईनं मान हलवली, पण तिला ते काही पटलं नाही. लढाईला निघालेल्या बाईच्या अंगावर काहीतरी जाडजूड हवंच होतं.

हर्सूलच्या त्या दोन खोल्यांत रविवारची दुपार सुस्तावली होती. बाहेरच्या खोलीत रूपाचे वडील साहेबराव तोंडापुढं पेपर धरून पलंगावर पडले होते. त्यांच्याशी भांडून थोरला मुलगा संघपाल पुण्याला निघून गेला, त्याला उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. तो घरातल्या कुणाचाच फोन उचलत नव्हता, आईचासुद्धा. मग रूपाला शोध लागला, की दादा रविवारी दुपारी या गेममध्ये असतो. नव्या खेळाडूंना सोबत घेऊन फिरतो, त्यांना शिकवतो.

“बोलतो?” चंपाबाईनं विचारलं होतं. “ऐकू येतं?”

“येतं की.”

“मग मला पण शिकव.”

तेव्हापासून ती शिकत होती. पडद्यावर खाली सोबतच्या लोकांची नावं, प्रत्येक नावापुढं लाल रेघ. रेघ आखडली म्हणजे त्या माणसाला लागलं. त्याच्या नावावर बोट ठेवायचं आणि हिरवं बटण दाबायचं, की जखम भरून येते. एक गोष्ट मात्र रूपानं पुनःपुन्हा बजावली होती. माईक बंद ठेवायचा. दादानं आवाज ओळखला तर तो इथूनही निघून जाईल.

“या मंडळी. आले का सगळे?”

फोनमधून आवाज आला आणि चंपाबाईनं पदर तोंडाशी नेला. आवाज थोडा बसल्यासारखा होता. पण होता त्याचाच.

“शिवम, चमकती म्हणून तलवार घेऊ नको. तू तिरंदाज आहेस, तुला धनुष्यच पाहिजे. राजनंदिनी, तुझी आग लई दांडगी आहे, पण एकदा टाकली की ती पेटायला वेळ घेती. दम धर. अन् झगेवाल्या ताई, तुम्ही नव्या दिसता. सामान अगदी बरोबर घेतलंय. तुम्ही फक्त माझ्या मागं राहा.”

शिवमनं तलवारीचंच परत विचारलं. संघपालनं परत सांगितलं, न चिडता. घरी हाच पोरगा एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की खेकसायचा. चंपाबाई ऐकत राहिली.

मग सगळे गुहेत शिरले. डोंगराएवढा एक राक्षस उठून उभा राहिला. संघपालचा ढालवाला एकटाच पुढं झाला आणि पहिला घाव त्याच्यावरच पडला.

“ह्यालाच का पुढं केलंय?” चंपाबाई कळवळली.

“तो ढालवाला आहे, आई. मार अंगावर घेणं हेच त्याचं काम.”

“कुणी लावलं त्याला ह्या कामाला?”

बाहेरच्या खोलीत पेपर खाली आला. “लई लागलं का त्याला?” साहेबरावांनी विचारलं.

मायलेकी दोघी तिकडं बघत राहिल्या. तेवढ्यात फोनमध्ये गलका झाला.

“दादा, मी मेले!” राजनंदिनी ओरडली. “त्या ताई नुसतं तुम्हालाच बरं करतायत!”

“मी पण गेलो,” शिवम म्हणाला.

“असू दे. सुरुवातीला चुकतं,” संघपाल शांतपणे म्हणाला. “ताई, माझी रेघ लवकर संपत नाही. ज्याला जास्त लागलंय, आधी त्याच्याकडं बघा. चला, परत.”

परत गेले. परत तेच झालं. रूपा आईचं मनगट धरून कुजबुजत होती, “शिवमला दे, आई, शिवमला!” चंपाबाई “देते की” म्हणत होती आणि ढालवाल्याला ओरखडा जरी उठला तरी तिचं बोट त्याच्याच नावावर जात होतं.

“ताई,” संघपाल म्हणाला, “जरा माईक चालू करता का?”

रूपानं घाईनं नकारार्थी मान हलवली. चंपाबाईनं बोट मागं घेतलं.

मग ढालवाला एकटाच पुढं गेला आणि त्यानं हातातली ढाल खाली केली. राक्षसाचा गुद्दा बसला. चंपाबाईनं हिरवं बटण दाबलं. दुसरा बसला. तिनं पुन्हा दाबलं.

“दादा, ढाल उचला ना!” शिवम ओरडला.

ढालवाल्यानं ढाल उचलली नाही. आणखी एक गुद्दा, आणखी एकदा हिरवा उजेड. मग तो मागं सरला आणि वळून झगेवाल्या बाईसमोर येऊन उभा राहिला.

“आता जातो हा,” रूपा पुटपुटली. साहेबराव दारात येऊन उभे राहिले होते.

“मी बरा आहे,” फोनमधला आवाज म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “खरंच बरा आहे. तू आता बाकीच्यांकडं बघ.”

त्याची रेघ तर काठोकाठ भरलेली होती. चंपाबाईनं तरी एकदा हिरवं बटण दाबलं, आणि मग शिवमच्या नावावर बोट ठेवलं.