भरलेली खुंटी

खाण बंद पडली, गाव उठलं आणि मग सगळ्यांना त्याचा इतिहास जपायची आठवण झाली. कामगारांचे दिवे ठेवायच्या बत्तीघराचं संग्रहालय झालं. उद्घाटनाला आलेली पार्बताबाई थेट नवऱ्याच्या खुंटीपाशी गेली. तिथं दिवा होता.

पाळी संपवून वर आलेला प्रत्येक कामगार आपला दिवा आपल्याच खुंटीला टांगायचा. छत कोसळून नवरा आत राहिला, तेव्हापासून ही खुंटी रिकामी होती. क्षणभर तिला वाटलं, आले वर.

"एवढी एकच रिकामी होती, आजी," संग्रहालयात काम करणारी मुलगी कौतुकानं म्हणाली. "भंगारवाल्याकडून दिवा आणून टांगला."

पार्बताबाईनं दिवा अलगद उतरवून तिच्या हातात दिला.

"हा काढून ठेव, माय. ते अजून वर नाही आले."