हवेचं तोंड

दादाने जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवलं आणि तेव्हापासून किल्ली काढली तरी ते बंद होईना.

“आतला तापलेला कार्बन पेट्रोल पेटवतोय,” असं धाकट्याला सांगत त्याने पेट्रोलची नळी काढली. नळी कोरडी पडली, तरी इंजिन चालूच राहिलं.

“मग हवाच तोड त्याची. हवेशिवाय कोण जगलंय?”

धाकट्याने हवेच्या तोंडावर फळी घट्ट दाबली. इंजिनाच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही. मागे पाना खाली पडला. दादा गळा धरून गुडघ्यांवर आला होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते.

धाकट्याने फळी फेकली. दादाने मोठा श्वास घेतला.

थोड्या वेळाने इंजिन आपणहून मंदावू लागलं. दादाने धाकट्याचं मनगट धरलं.

“याला बंद पडू देऊ नकोस.”