तिसरा घाणा

कागद गिरणीत बाबांनी शिजवलेल्या लगद्याचा सलग तिसरा घाणा बिघडला होता. लॅबमधल्या लेकीने नमुन्याचा कागद नुसता ओढला, तर तो जळमटासारखा फाटला.

"बाबा, लाकूड शिजवताना कॉस्टिक सोडा जास्त पडलाय. तंतूंचा पार भुगा झालाय."

"तीस वर्षं त्या टाकीपाशी उभा आहे मी! मीटरचा काटा सोळावरच होता, या डोळ्यांनी पाहिलाय."

"मॅनेजर निघालेत. मीटर बिघडला की माणूस चुकला, एवढंच विचारतील."

"मीटरच बिघडलाय. लिही तसं."

मीटर तिने सकाळीच तपासला होता. त्यात काही दोष नव्हता. तिने घाण्याच्या रिपोर्टवर बोटभर उंचीच्या अक्षरांत 'नापास' लिहिलं आणि कागद बाबांपुढे धरला.

बाबांनी तो जवळ आणला, लांब धरला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"केलास ना शेवटी पास! लेक कुणाची!"